तोंड धुवायचं पाणी

बायडाबाईशी वैर घेऊ नये, हे तळेघरच्या पट्ट्यात लहान पोराला सुद्धा शिकवावं लागत नाही. शेजारच्या भिमाजीची म्हैस एकदा तिच्या भाताच्या रोपात शिरली आणि सगळं रोप तुडवून गेली. भिमाजीनं चूक कबूल केली, आपल्या वाफ्यातलं रोप दिलं, वर नारळही आणून ठेवला. बायडाबाईनं रोप घेतलं, नारळ घेतला, आणि त्यानंतर भिमाजीच्या घरचा तिळगूळ म्हणून कधी हातात घेतला नाही. त्याच्या पोराच्या लग्नाला ती गेली, पंगतीत बसून पोटभर जेवली, फक्त त्याच्याकडं एकदाही पाहिलं नाही. तो मेला तेव्हा मात्र सगळ्या गावात मोठ्यानं तीच रडली. मी विचारलं, मावशी, एवढं वैर होतं ना? तर म्हणाली, वैर म्हशीवरून व्हतं, मरण त्याचं सोताचं हाय. असा तिचा हिशेब.

आमच्याकडं बायांचं रडणं म्हणजे नुसतं डोळ्यांना पदर लावणं नव्हे. मयताच्या घरी परगावची बाई आली की ती लांबूनच हेल काढत येते. घरातल्या बाया उठून तिच्या गळ्यात पडतात. मग ती मेलेल्याचं सगळं सांगत रडते, कसा होता, काय आवडायचं, कुणी छळलं, शेवटी काय झालं. रडताना बोललेलं कुणी खोडत नाही. रडणाऱ्या बाईला कुणी ऊठ म्हणत नाही. जी बाई तिथं असेल तिनं शेजारी बसायचं आणि रडायचं, ओळख असो नसो, आणि बसल्यावर स्वतःचं कुणी गेलेलं असेल तर त्याचंही नाव निघतंच. शेवटी ज्या घरात मरण झालं त्या घरचं माणूस तांब्याभर पाणी आणून तोंड धुवायला देतं. ते पाणी घेतलं की रडणं थांबलं. हा रिवाज नीट लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ते सगळं ह्याच्यावरच झालं.

मी गेणभाऊ. डिंभ्याच्या पुढं रस्ता वर चढायला लागतो तिथं आमचा फाटा आहे आणि फाट्यावर माझं चहाचं दुकान. बुधवारी इथं बाजार भरतो. माझ्या बरोबर समोर कुंडलिकचा दवाखाना होता. होता म्हणतो, कारण आता तिथं नुसतं शटर आहे, आणि ते शटर खाली कसं आलं तेच सांगायला बसलोय.

कुंडलिक मूळचा वारूळवाडीचा, चांगल्या खात्यापित्या शेतकरी घरातला. नारायणगावात एका डॉक्टरच्या हाताखाली तो कंपाउंडर होता. तिथं टोचायला शिकला, मग इकडं येऊन गाळा घेतला आणि पाटी लावली. पाटीवर नावाच्या आधी 'डॉ.' होतं. कुठल्या कॉलेजात शिकला हे त्याला कुणी विचारलं नाही, कारण आम्हाला विचारायचंच नव्हतं. सरकारी दवाखाना लांब, एसटी तिच्या मर्जीनं येणार, आणि हा सकाळपासून हजर. गोड बोलायचा, म्हाताऱ्यांना हाताला धरून पायरी चढवायचा, सुई टोचलेली कळायची नाही इतका हात हलका. पाठ दुखली, सुई. सर्दी झाली, सुई. अंगात ताकद वाटत नाही, सुई. मी स्वतः किती घेतल्या असतील देव जाणे. भाजीपाला झाला, मीठमिरची झाली, की सुई घेऊन घरी जायचं, असा आमचा बाजार असायचा.

सुईबरोबर कागदाच्या पुडीत दोन दिवसांच्या गोळ्या मिळायच्या. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या कोनाड्यात. पुढं शेजारणीचं पोर तापलं की त्यातल्याच काढून द्यायच्या, मला ह्यानं गुण आला, तू बी घे. चहापत्ती उसनी द्यावी तशा गोळ्या घराघरांतून फिरत होत्या, आणि सगळ्यांना वाटायचं आपण किती शहाणे.

कुंडलिकला एक मुलगा होता, शौर्य. माझ्या दुकानातली खारी त्याला फार आवडायची. एका पावसाळ्यात त्याला छातीत कफ झाला, बापानंच औषधपाणी केलं, आणि पोरगा गेला. कुंडलिकनं त्याला वारूळवाडीला नेऊन तिकडंच सगळं उरकलं. आम्ही बायाबापे जीप करून जायला निघालो होतो, त्यानं निरोप पाठवून आम्हाला थांबवलं. डॉक्टरच्या पोरावर रडारड झाली की सुईवर लोकांचा विश्वास राहत नाही, असं त्याचं म्हणणं. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. मग त्याची आई बयाबाई त्याला करून घालायला इथं येऊन राहिली, दवाखान्याच्या मागच्या खोलीत. म्हातारी आमच्या नजरेला क्वचितच पडायची.

आता मोहिनी. बायडाबाईची एकुलती एक लेक. नवरा लवकर गेला, तेव्हापासून बायडाबाईनं भात, नाचणी आणि हिरड्यावर घर चालवलं. हंगाम असला की नारायणगावकडं टोमॅटो तोडायला जायची, लेकीला बांधावर बसवून. मोहिनी बारावी झाली, हसरी, आईच्या अगदी उलट, कुणाचं काही मनात न ठेवणारी. तिचं लग्न ऋतिकशी झालं, तो चाकणला कंपनीत कामाला. पहिल्या बाळंतपणाला ती आईकडं आली. लघवीला जळजळ व्हायची, थंडी वाजून ताप यायचा. बायडाबाई तिला कुंडलिककडं घेऊन यायची. सुई, पुडी, दोन दिवसांत ताप गायब. पंधरवडा गेला की परत तेच. परत सुई. मी समोर बसून बघत होतो आणि दोघींना चहा पाजत होतो.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात सुखरूप झालं, मुलगी झाली. घरी आल्यावर मोहिनीला हुडहुडी भरली. कुंडलिकनं या वेळेला त्याच्याकडची सगळ्यात भारी सुई दिली, आणि ताप ढिम्म हलला नाही. मग दुसरी भारी सुई. ती जीपमध्ये आडवी झाली तेव्हा पाय मी उचलले होते. मंचर, तिथून पुणे. पुण्यात औषधांवर औषधं बदलून पाहिली आणि एकही लागू पडलं नाही. ऋतिक बाहेर बाकावर बसून होता, बायडाबाई काचेपाशी उभी. मोहिनी गेली.

पुण्याच्या त्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होती. जुन्नरकडचीच, बागायतदाराची मुलगी निघाली. तिनं बायडाबाईला जवळ बसवून समजावून सांगितलं. टोमॅटोवर एकच औषध परत परत, तेही अर्धंमुर्धं मारलं की काय होतं? कीड मरत नाही, निगरगट्ट होते, मग कितीही पंप मारा. मोहिनीच्या लघवीतले जंतू असेच निगरगट्ट झाले आणि रक्तात उतरले. बायडाबाईनं आयुष्यभर टोमॅटो तोडलेले, तिला एका वाक्यात कळलं. कोणत्या सुईनं, कोणत्या गोळीनं, ते मात्र आता कुणालाच सांगता येणार नाही, असंही ती बाई म्हणाली. मग तिला स्वतःलाच राहवलं नाही. म्हणाली, जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं अशी जातात मावशी, आणि आपल्याकडं तर ती नीट मोजलीही जात नाहीत.

बायडाबाईनं तिला एवढंच विचारलं, "ह्यात माझी मोजली का?"

हातात आलेल्या मरणाच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्यानं मृत्यू असं होतं. अरे, हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. बैलाचंही पडतं. मला तो कागद वाचून दाखवायला सांगितला तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि बायडाबाई नुसती ऐकत होती.

मोहिनीचं तेरावं झालं आणि बुधवारी बाजाराला बायडाबाई जीपमधून उतरली. हातात पिशवी नाही. उतरल्या ठिकाणीच तिनं हेल काढला. सगळा बाजार थबकला. रस्ता ओलांडून ती सरळ कुंडलिकच्या दवाखान्यासमोर आली आणि पायरीवर बसली.

"माझे मोहिने गं, तुला थंडी वाजली, मी गोधडी घातली गं. तुला थंडी वाजली, ह्यानं सुई घातली गं. गोधडी पुरली न्हाई बाई, सुई पुरली न्हाई."

आत सुईसाठी रांगेत बसलेल्या बाया एकमेकींकडं पाहायला लागल्या. रडणारी बाई समोर असताना बाकावर बसून राहणं त्यांच्याच्यानं होईना. एकेक करून त्या उठल्या, बाहेर आल्या आणि तिच्याजवळ बसल्या. त्या दिवशी कुंडलिकला पुरुषमाणसंच काय ती टोचता आली. तीही मान खाली घालून आत गेली.

शेवटी त्यानं मदतनीस पोरीच्या हाती तांब्या पाठवला. बायडाबाईनं तांब्याकडं पाहिलं आणि मान हलवली. "हिच्या हातचं न्हाई. ज्याच्या दारात मेली त्याच्या हातचं पायजे. त्यानं पाणी द्यावं आन शटर वढावं. तवर मी यायची."

कुंडलिक आमच्यातलाच, त्याला त्याचा अर्थ बरोबर कळला. स्वतःच्या हातानं पाणी देणं म्हणजे हे मरण माझ्या दारातलं, असं भर बाजारात कबूल करणं. तो आत गेला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. बायडाबाई संध्याकाळच्या जीपनं न धुतलेल्या तोंडानं घरी गेली.

पुढच्या बुधवारी ती परत आली. त्याच्या पुढच्याही. घरी ती नातीला सांभाळायची, भात बघायची, कुणाशी मोहिनीचं एक अक्षर बोलायची नाही. सगळी रड ती बुधवारसाठी साठवून ठेवायची. मला वाटलं होतं चार आठवड्यांत थकेल. पण सुडावर पोसलेलं माणूस थकत नाही, हे मला तिनं दाखवलं. उलट तिच्या गालांवर रंग चढला.

तिसऱ्या की चौथ्या बाजाराला धोंडाबाई तिच्याजवळ बसली. पूर्वी ती नवऱ्याला पायाची पट्टी बदलायला कुंडलिककडं आणायची. नवरा वारला होता, आता ती स्वतःच्या गुडघ्यांसाठी आली होती. बसली आणि तिचा बांध फुटला. नवऱ्याच्या पायाला शेताच्या कामात खिळा लागला, जखम चिघळली, सुया झाल्या, गोळ्या झाल्या, शेवटी पाय कापला तरी विष चढतच गेलं. इतके दिवस ती लोकांना सांगायची की त्याला शुगर होती, नशीब होतं. रडताना तिच्या तोंडून गोळ्यांच्या पुड्या निघाल्या. मग एका तरण्या पोरीनं आपल्या बाळाचं नाव घेतलं, ज्याला नाव ठेवायच्या आधीच ताप आला होता. तिनं बारशासाठी ठरवलेलं नाव घेतलं. एकीनं भावाचं घेतलं, मोटारसायकलवरून पडल्यावर ऑपरेशनची जखम चिघळून गेलेल्या.

ह्यातलं प्रत्येक मरण आपापल्या घरात वेगळं होतं. कुणाला नजर लागली होती, कुणाला बाहेरचं झालं होतं, कुणाचं वय झालं होतं. एका पायरीवर बसून त्या रडल्या तेव्हा कळलं की सगळ्यांची गोष्ट शेवटी एकच, औषध दिलं आणि औषध लागूच पडलं नाही. सगळी कुंडलिकनं मारली असं मी म्हणणार नाही. बरीचशी मोठ्या दवाखान्यांत गेली, काहींना तर त्यानं हातही लावला नव्हता. पण ह्या माणसांना कुणीतरी मोजायला हवं होतं, आणि बायडाबाईला कुणालातरी धरायला हवं होतं. मला विचाराल तर, तिनं बरोबर मानगूट धरली.

कुंडलिकनं पोलीस आणले. दोघं आले, बायांचा घोळका रडताना पाहिला, त्यातल्या एकानं टोपी काढून काखेत धरली. थोडा वेळ उभे राहिले, माझ्याकडं चहा प्याले आणि गेले. रडणाऱ्या बाईला कोण उठवणार?

एका बुधवारी मात्र कुंडलिकचा तोल गेला. तो बाहेर आला आणि सगळ्यांच्या समोर बायडाबाईला म्हणाला, "मावशी, सुई तूच मागितली व्हती. मी म्हणत व्हतो गोळ्यांवर भागंल. तू म्हणालीस, सुई दिल्याबिगर जायची न्हाई. सांग सगळ्यांना, खोटं हाय का?"

ते खरं होतं. मी त्या वेळी समोरच होतो, मी ऐकलं होतं.

बायडाबाईनं रडणं थांबवलं. डोळे पुसले नाहीत. "व्हय, म्या मागितली. मला कळत न्हवतं म्हणून तुझ्याकडं आले. तुला कळत न्हवतं, तर तू का दिली?"

मला त्या दिवशी फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी सगळ्या बायांना फुकट चहा दिला. तिनं पुन्हा हेल काढला, आणि या वेळी त्यात स्वतःचंही घातलं, मी मागितली गं, माझ्या जिभेला आग लागू दे गं. तेव्हापासून ती दर बुधवारी तेही म्हणायची. तिनं स्वतःला सुद्धा सोडलं नव्हतं, मग कुंडलिकला काय सोडणार?

सगळं गाव तिच्या बाजूनं होतं असं समजू नका. पुरुषमंडळी माझ्या बाकावर बसून तिला शिव्या घालायची. हिच्यापायी दवाखाना बंद पडला तर तापाला जायचं कुठं, हिला काय, हिची मेली, आमची जिवंत आहेत. ते बोलणंही खोटं नव्हतं. पावसात तिची नात तापली, तेव्हा बायडाबाईला हेच कळून चुकलं. पोरीला पदराखाली घेऊन ती चालत डिंभ्यापर्यंत गेली, तिथून मिळेल त्या गाडीनं घोडेगावला. तिथल्या सरकारी डॉक्टरनं पोरीला तपासलं, तापाचं साधं औषध दिलं आणि सांगितलं की हा सर्दीचा ताप आहे, भारी औषधाची गरज नाही, पाणी पाजत राहा. ती दारातच उभी राहिली. सुई न घेता परत कसं जायचं ते तिच्या पायांना माहीत नव्हतं. पोरगी दोन रात्री कण्हली आणि खेळायला लागली. बायडाबाईनं मला हे सांगितलं तेव्हा तिचा राग उतरला असेल असं वाटलं होतं. तो दुप्पट झाला होता. म्हणाली, "बिनसुईची बरी झाली, गेणभाऊ. मंजी मोहिनी बी झाली असती, निदान सुरवातीला."

मोहिनीचं लघवीचं दुखणं आणि पोरीची सर्दी एक नव्हे, तिला नीट तपासून नीट औषध लागलं असतं, हे मी सांगितलं. तिनं ते ऐकूनच घेतलं नाही.

मग तो बुधवार आला. पाऊस उघडला होता, बाजार भरगच्च होता, पायरीवर बायाही जास्त होत्या. आत टीव्ही ओरडत होता. एकाएकी टीव्ही बंद झाला. दवाखान्याच्या आतून बयाबाई बाहेर आली. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. किती महिने ही म्हातारी त्या मागच्या खोलीत बसून दर आठवड्याला हे ऐकत होती, ह्याचा मी तोपर्यंत विचारच केला नव्हता.

मला वाटलं ती मुलाच्या वतीनं पाणी द्यायला आली. बायडाबाईलाही तसंच वाटलं, ती नाही म्हणायला मान हलवायलाच लागली होती. बयाबाई पायरीपर्यंत आली. तांब्या तिनं उंबऱ्याच्या आत ठेवून दिला. मग भिंतीला धरून खाली बसली, बायडाबाईच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि हेल काढला.

"माझ्या शौर्या रं, तुला रडू दिलं न्हाई रं मला. माझ्या सोन्या, बापानंच टोचलं रं तुला, रोज टोचलं, आन म्हणला, आये, गप ऱ्हा, पेशंट ऐकत्याल."

बायडाबाई ताठ झाली होती. ज्याच्यावर दात धरून ती बसली होती त्याची आई तिच्या गळ्यात होती. क्षणभर ती तिला ढकलून देईल असं वाटलं. पण रडणाऱ्या बाईला ढकलता येत नाही. तिचे हात हळूहळू वर आले आणि म्हातारीच्या पाठीवर टेकले. मग दोघी एकदमच रडल्या, आणि भोवतीच्या सगळ्या.

बऱ्याच वेळानं बयाबाईनं आत तोंड करून हाक मारली, "कुंडलिक, तांब्या आण. तुझ्या हातानं आण."

तो आला. तांब्या उचलून पायरी उतरला. त्याचा चेहरा मी बघितला. त्याची कीव यावी असा होता. मला आली नाही.

"आधी आईचं," बायडाबाई म्हणाली.

त्यानं आईच्या ओंजळीत पाणी ओतलं. म्हातारीनं नातवाच्या मरणाचं तोंड इतक्या वर्षांनी धुतलं. मग तो बायडाबाईकडं वळला आणि म्हणाला, मावशी, आता तुमी घ्या.

बायडाबाईनं ओंजळ पुढं केली नाही. "कुणाच्या नावानं देतूस?"

"मोहिनीच्या."

"आन?"

"शौर्यच्या," हे तो फार हळू म्हणाला.

"आन?"

कुंडलिक भोवतीच्या बायांकडं बघायला लागला. त्याला एकही नाव सांगता येईना. धोंडाबाईच्या नवऱ्याचंही नाही, ज्याच्या पायाला तो स्वतः पट्ट्या करत होता.

"तुझ्या दारात बसून इतक्या बाया रडल्या," बायडाबाई म्हणाली, "आन तू टीव्ही लावून बसलास. सरकारनं मोजली न्हाईत, तू बी न्हाई मोजली. आता तू मोजायची. समद्यांची नावं पाठ कर, कुणाचं कोण आन कशानं गेलं, समदं. एक बी न चुकता म्हणशील त्या दिवशी मी तोंड धुवंन. आता शटर वढ."

त्यानं शटर ओढलं. त्या आवाजासारखा गोड आवाज मी बाजारात ऐकलेला नाही. पाटी त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतःच उतरवली.

कुंडलिक आता वारूळवाडीला भावाच्या शेतात राबतो. पण दर बुधवारी तो पहिल्या गाडीनं येतो, माझ्या दुकानातून तांब्या भरून घेतो आणि बंद शटरसमोर पायरीवर बसतो. न येऊन करतो काय? बुधवारी आईच त्याला घरी राहू देत नाही. बायडाबाई येते, त्याच्यासमोर बसते आणि म्हणते, म्हण. तो मोहिनीपासून सुरू करतो. आधी दोन-चार नावांतच अडखळायचा. कुणाच्या भावाला कुणाचा नवरा करायचा, मग बाया त्याला तिथंच झापायच्या आणि परत पहिल्यापासून. बारशाआधी गेलेल्या बाळाचं नाव त्याच्या तोंडून बरोबर यायला तर किती बाजार गेले. मी एकदा बायडाबाईला म्हणालो, मावशी, आता पुरे, घे की पाणी. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट्यानं आधण ठेवलं.

मागच्या बुधवारी त्याला सगळं आलं. मी शेगडी बारीक करून ऐकत होतो. मोहिनीपासून शौर्यपर्यंत, धोंडाबाईच्या नवऱ्यापासून त्या बाळापर्यंत, कोण कुठलं, काय झालं होतं, काय दिलं होतं, सगळं त्यानं एका दमात सांगितलं आणि एकाही बाईला त्याला टोकता आलं नाही. तो थांबला. घामानं भिजला होता. त्यानं तांब्या उचलला. बायडाबाईनं बांगड्या मागं सारल्या आणि ओंजळ पुढं केली. मोहिनी गेल्यापासून पहिल्यांदा.

तेवढ्यात जीप येऊन थांबली आणि रस्त्यावरूनच हेल ऐकू आला. जुन्नरच्या बाजूची कुणी बाई होती, आमच्या ओळखीची नाही. इथं रडायला बसतात, इथं नाव घेतात, एवढं तिच्या कानावर गेलं होतं. कॉलेजात जाणारा मुलगा, सहा दिवस दवाखान्यात, एकही औषध लागू पडलं नाही. ती येऊन पायरीवर कोसळली आणि बाया तिच्याभोवती सरकल्या.

कुंडलिक तांब्या तिरका धरून उभा होता. "मावशी," तो म्हणाला, "ह्या पोराला मी बघितलं बी न्हाई कधी."

बायडाबाईनं ओंजळ मागं घेतली आणि हात पदराला पुसले. "तू न्हाई, तर तुझ्यासारख्या दुसऱ्यानं बघितला आसंल. हिला इचार, पोराचं नाव काय व्हतं. आन म्हण पहिल्यापासनं."

कुंडलिकनं त्या बाईला मुलाचं नाव विचारलं. मग तांब्या पायरीवर ठेवला आणि मोहिनीपासून सुरुवात केली.